मालकाचे प्रातिनिधिक दायित्व

नोकराने मालकाचे काम करीत असताना दाखवलेल्या निष्काळजीपणामुळे दुसऱ्या व्यक्तीचे नुकसान झाल्यास त्याची भरपाई करण्याची जी कायदेशीर जबाबदारी मालकावर येते, तिला मालकाचे प्रातिनिधिक दायित्व असे म्हणतात. मालकाची स्वतःची कोणतीही चूक नसली तरी हे दायित्व येते. रंगकाम करताना फरशीवर सांडलेला रंग, घरसामान हलवताना फुटलेला आरसा, इस्त्रीने जळालेली साडी, दुरुस्तीसाठी दिलेल्या मोटारीला आलेला पोचा ही त्याची नेहमी आढळणारी उदाहरणे होत.

तत्त्व

‘वरिष्ठाने उत्तर द्यावे’ या अर्थाच्या जुन्या लॅटिन सूत्रावर हे तत्त्व आधारलेले आहे. नोकराच्या श्रमाचा लाभ मालकाला मिळतो. नोकराची निवड, शिक्षण आणि देखरेखही त्याच्याच हाती असते. म्हणून त्या कामातील जोखीमही त्याने उचलावी, असा यामागील विचार आहे. नोकर स्वतः या दायित्वातून सुटत नाही. ग्राहकाला दोघांविरुद्ध दाद मागता येते. स्वतंत्र कंत्राटदाराच्या चुकीसाठी मात्र काम देणारा सहसा जबाबदार नसतो.

नोकरीचा ओघ

चूक नोकरीच्या ओघात घडली होती की नाही, हा यातील कळीचा प्रश्न असतो. ब्रिटनमधील १९४२ च्या एका प्रसिद्ध खटल्यात, ग्राहकाच्या गॅरेजवर पेट्रोल उतरवून देत असलेल्या टँकरचालकाने सिगारेट पेटवून जळती काडी खाली टाकली आणि आग लागली. सिगारेट त्याने स्वतःसाठी ओढली असली, तरी पेट्रोल उतरवण्याचे काम त्याने निष्काळजीपणे केले, असे ठरून मालकावर दायित्व आले.

भारतात ‘पुष्पाबाई उदेशी विरुद्ध रणजित जिनिंग अँड प्रेसिंग कंपनी’ (१९७७) हा निकाल महत्त्वाचा मानला जातो. नागपूरहून पांढुर्ण्याकडे जाणारी कंपनीची मोटार झाडावर आदळून आतील प्रवाशाचा मृत्यू झाला होता. मोटार कंपनीचा व्यवस्थापक चालवत होता. सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला जबाबदार धरले. याउलट ‘सीताराम मोतीलाल कलाल’ खटल्यात (१९६६) टॅक्सी मालकाच्या कामासाठी नव्हे, तर वाहनपरवान्याच्या चाचणीसाठी वापरली जात असताना अपघात झाला होता. तेथे बहुमताने मालकाला दायित्वातून मुक्त करण्यात आले.

ताब्यात दिलेली वस्तू

धुलाई, शिवणकाम किंवा दुरुस्तीसाठी दिलेली वस्तू कायद्याच्या भाषेत ‘निक्षेप’ ठरते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १५१ नुसार, सामान्य समज असलेला माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जितकी काळजी घेईल, तितकी काळजी ती स्वीकारणाऱ्याने घेतली पाहिजे. अशी काळजी घेतली असेल, तर वेगळा करार नसताना, कलम १५२ नुसार तो नुकसानीस जबाबदार नसतो.

पावतीवरील ‘माल ग्राहकाच्या जोखमीवर’ असा मजकूर नेहमीच ढाल ठरत नाही. दिल्लीतील एका हॉटेलच्या कर्मचाऱ्याकडे सोपवलेली मोटार चोरीस गेल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये निर्णय दिला की, स्वतःच्या वा नोकरांच्या निष्काळजीपणाचे दायित्व हॉटेलला अशा अटीने टाळता येत नाही.

मजुरीतून कपात

ग्राहकाला दिलेली भरपाई मालकाला नोकराच्या मजुरीतून हवी तशी वसूल करता येत नाही. वेतन प्रदान अधिनियम, १९३६ ने अशा कपातीला मर्यादा घातल्या. सांभाळण्यासाठी स्पष्टपणे सोपवलेल्या मालाचे नुकसान थेट नोकराच्या हयगयीमुळे झालेले असावे, कपात नुकसानीपेक्षा अधिक नसावी आणि तिच्यापूर्वी त्याला कारणे दाखवण्याची संधी मिळावी, ही त्यांतील मुख्य तत्त्वे होत. वेतन संहिता, २०१९ मध्येही ती आढळतात. हातावर पोट असलेल्या कामगाराच्या दृष्टीने या तरतुदींना विशेष महत्त्व आहे. अन्यथा एका फुटलेल्या काचेपायी त्याची महिनाभराची कमाई जाऊ शकते.

व्यवस्थापन आणि शिस्त

चूक, निष्काळजीपणा आणि हेतुपुरस्सर नुकसान यांत भेद करणे आवश्यक असते. औद्योगिक आस्थापनांच्या १९४६ च्या नमुना स्थायी आदेशांत मालकाच्या मालमत्तेचे जाणूनबुजून केलेले नुकसान आणि सवयीचा निष्काळजीपणा यांची गणना गैरवर्तनात केली होती. एखादी अनवधानाची चूक त्यांत मोडत नाही. बडतर्फीपूर्वी आरोप लेखी कळवून बाजू मांडू देणे हे नैसर्गिक न्यायाचे तत्त्व आहे.

काम सुरू करण्यापूर्वी ग्राहकासमोर वस्तूंची स्थिती नोंदवणे, छायाचित्रे घेणे, फर्निचर झाकणे, नवख्याला अनुभवी कारागिराच्या हाताखाली ठेवणे आणि दायित्व विमा उतरवणे हे प्रतिबंधाचे उपाय होत. एकच चूक अनेक कामगारांकडून होत असेल, तर दोष कामाच्या पद्धतीत, अपुऱ्या साधनांत किंवा घाईत असण्याचा संभव असतो. झालेले नुकसान लपवणाऱ्यापेक्षा ते तत्काळ सांगणाऱ्याला सौम्य वागणूक दिल्यास नुकसान वेळीच कळते आणि ग्राहकाचा विश्वासही टिकतो.

दाद मागण्याची व्यवस्था

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. तक्रारदाराला स्वतःच्या निवासाच्या जिल्ह्यातही ती दाखल करता येते. उदाहरणार्थ, यवतमाळ जिल्ह्यातील राजूर येथील रहिवाशाची शाल नागपूरच्या धुलाई केंद्रात खराब झाल्यास त्याला यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. पावती, कामापूर्वीची व नंतरची छायाचित्रे आणि दुरुस्तीखर्चाचा अंदाज हे अशा प्रकरणांतील उपयुक्त पुरावे असतात.