नाशिकच्या हिऱ्याची तीन रूपे

रत्नपरीक्षा ही आपल्या ज्ञातीतील अनेक घराण्यांची पिढीजात विद्या होय. वऱ्हाडाचा व हिऱ्यांचा संबंधही जुना आहे. ऐन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख येतो. ते वैरागड आज गडचिरोली जिल्ह्यात मोडते. तथापि अमरावतीच्या वा अकोल्याच्या सराफ्यात आजीच्या कुड्या मोडावयास आल्या की अजूनही पहिला प्रश्न वजनाचा असतो. पैलू कसे पाडले आहेत, हे मागाहून विचारले जाते. हा क्रम कितपत योग्य, हे नाशिकच्या हिऱ्याच्या इतिहासावरून पाहू.

हा हिरा त्र्यंबकेश्वराच्या देवालयातील, असे परंपरा सांगते. १८१८ साली पेशवाईच्या अखेरीस तो कंपनी सरकारच्या हाती पडला व लंडनला गेला. त्या वेळी जुन्या मापाने तो सुमारे ८९¾ कॅरट भरला. आपल्या कारागिराने मूळ खड्याचा आकार व वजन राखून त्यास पैलू पाडले होते. विलायती जवाहिऱ्यांना त्याचे पाणी उत्तम, पण घाट ओबडधोबड वाटला. रंडेल आणि ब्रिज या पेढीने त्यास नव्याने पैलू पाडले. वजन ७८⅝ कॅरटांवर आले. १८३७ साली लंडनच्या लिलावात तो ७,२०० पौंडांस गेला.

पुढे १९४० साली न्यूयॉर्कचे जवाहिरे हॅरी विन्स्टन यांनी तो पुन्हा घडविला. आजच्या मेट्रिक मापाने ८०.५९ कॅरटांचा हा हिरा ४३.३८ कॅरटांचा उरला; म्हणजे जवळजवळ निम्मे वजन चाकावर गेले! परंतु खडा निर्दोष झाला, आणि १९७० साली त्यास ५ लाख डॉलर आले. ही सारी वाढ पैलूंचीच, असे आम्ही म्हणणार नाही. काळ, चलन व कीर्ती यांचाही त्यात वाटा आहे. पण धंद्यात मुरलेल्या माणसाने एवढे वजन जाणूनबुजून खर्ची घातले, ही गोष्ट बोलकी आहे.

याचे कारण प्रकाशाच्या गतीत आहे. हिऱ्यात शिरलेला किरण खालच्या पैलूंवर आपटून वर परतला, तरच खडा झळकतो. खालचा भाग फार उथळ असेल तर प्रकाश तळातून निसटतो. फार खोल असेल तर कडेने जातो. १९१९ साली मार्सेल टोल्कोव्स्की यांनी गणिताने गोल हिऱ्याच्या खालच्या पैलूंचा कोन सुमारे ४०¾ अंश असावा, असे दाखविले. म्हणून समान वजनाच्या, समान पाण्याच्या दोन खड्यांचे मोल पैलूंमुळे वेगवेगळे ठरते.

तेव्हा आमच्या पूर्वजांची दृष्टी चुकीची होती काय? आम्हांस तसे वाटत नाही. त्यांनी देवाचे रत्न देवासाठी राखले. त्यातील तोळामासाही वाया घालविणे त्यांना रुचले नसावे. विन्स्टन यांच्या चाकावर तेज वाढले, पण त्र्यंबकेश्वरी पाहिलेला तो घाट कायमचा नाहीसा झाला.

म्हणून ज्ञातिबांधवांस व भगिनींस आमची विनंती एवढीच की, नवा खडा घेताना वजनाबरोबर पैलूंचीही परीक्षा करावी. आणि घरातील जुना खडा चाकावर देण्यापूर्वी दोनदा विचार करावा. गेलेले वजन आणि पुसलेला घाट, दोन्ही परत येत नाहीत.