सेलमचे बांध आणि फास

सेलमच्या चेटूक-खटल्यांमागे जमिनीची हाव होती, हे मत आता इतके रुळले आहे की त्याला पुरावा कुणी मागत नाही. तो मागितला पाहिजे.

पूर्वपक्ष दुबळा नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम व्हिलेजात पटनम हे मोठे जमीनदार घराणे. शेजारच्या टॉप्सफील्डच्या हद्दीवरून त्यांचे टाऊन कुटुंबाशी जुने वैर. 1692 मध्ये थॉमस पटनमने एकामागून एक फिर्यादी केल्या, आणि आरोपींत रेबेका नर्स, मेरी ईस्टी, सेरा क्लॉइस या तिघी सख्ख्या बहिणी होत्या. तिघींचे माहेर टाऊन. इतिहासकार बॉयर आणि निसनबॉम यांनी 1974 साली नकाशाच मांडला : फिर्यादी पश्चिमेला, आरोपी पूर्वेला. आर्थर मिलरच्या नाटकातला पटनम तर शेजाऱ्यांच्या शेतांवरच टपून असतो.

बांधाचे वैर मला मान्य आहे. पण वैर असणे वेगळे आणि जमीन पदरात पडणे वेगळे. चेटकीण ठरलेली बाई फासावर गेली, तर तिचे शेत फिर्यादीला मिळत होते काय? नाही. 1604 च्या इंग्रजी चेटूक-कायद्यानेच वारसांचा हक्क शाबूत ठेवला होता. शेरीफ जॉर्ज कॉर्विनने लूट केली, हे खरे. जॉन प्रॉक्टरच्या घरातले कालवण ओतून देऊन त्याने भांडेसुद्धा नेले, असे समकालीन लेखक रॉबर्ट कॅलेफने नोंदवले आहे. पण भांडी आणि गुरे ही जंगम मालमत्ता. ती शेरीफने नेली. शेजाऱ्याचा बांध त्यामुळे तसूभरही सरकला नाही.

मग जाइल्स कोरीचे काय? खटला चालवून घ्यायला नकार देऊन हा म्हातारा आरोपी 19 सप्टेंबरला दगडांखाली चिरडून मेला. जमीन वाचवण्यासाठी, असे म्हणतात. जमिनीची धास्ती त्याला होतीच. म्हणून तर 25 जुलैलाच तुरुंगातून त्याने ती दोन जावयांच्या नावे लिहून दिली. दस्त झाल्यावर पुढचे मौन कशासाठी? त्या न्यायालयात उभा राहिलेला एकही आरोपी तोवर निर्दोष सुटला नव्हता. माझ्या मते कोरीने ते न्यायालयच नाकारले.

आणि सेरा गुड? दारोदार मागून पोट भरणारी, पहिल्या तीन आरोपींतली. तिची चार वर्षांची मुलगीही तुरुंगात गेली. त्या पोरीच्या नावावर किती एकर होते? सर्वाधिक आरोपी अँडोव्हरचे निघाले; तिथे पटनमांचा बांध कुठला? अभ्यासक बेंजामिन रे यांनी 2008 मध्ये नकाशा पुन्हा तपासला, तेव्हा पूर्व-पश्चिमेची ती स्वच्छ रेघही उरली नाही.

जुन्या भांडणांनी नावे पुरवली. फास दिला तो न्यायालयाने. 'तिची छाया येऊन मला छळते' ही साक्ष पुरावा म्हणून ग्राह्य धरली गेली, आणि एकोणीस जण लटकले. जानेवारी 1693 मध्ये नव्या न्यायालयाने ती साक्ष नाकारली. बांध तेच होते, पटनम तेच होते, वैरही तेच. त्यानंतर फाशी एकही झाली नाही.

रेबेका नर्सचे शेत तिच्या घराण्याकडेच राहिले. ते एका पटनमकडे गेले 1784 साली, तिच्या फाशीनंतर ब्याण्णव वर्षांनी, आणि तेही विकत घेऊन.