आधाराचा हात

इतिहासाच्या पुस्तकात आपल्याला राजे भेटतात, सेनापती भेटतात. साधा शिपाई मात्र तिथे संख्येतच असतो. इतके कामास आले, इतके जखमी झाले, एवढे लिहिले की त्याचा अध्याय संपला. अशाच एका शिपायाची ओळख आज तुम्हांला करून द्यायची आहे. हा गडी अमेरिकेतला. नाव होरेस पिपिन.

पिपिनचा जन्म १८८८ साली पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या वेस्ट चेस्टर या गावी, एका कष्टकरी कृष्णवर्णीय घरात झाला. अमेरिकेतली गुलामगिरी कायद्याने जाऊन तेव्हा उणीपुरी तेवीस वर्षे झाली होती. चित्रांचा नाद त्याला लहानपणापासूनचा. मासिकातली जाहिरात पाहून त्याने एक चित्र काढून पाठवले, तर बक्षीस म्हणून रंगीत खडूंची पेटी आली! पण नादाने पोट भरत नाही. शाळा लवकर सुटली. कोळशाच्या वखारीत, हॉटेलात हमाल म्हणून, मिळेल तिथे त्याने काम केले. एका गोदामात तो सामान पेट्यांत बांधून देई. त्यात श्रीमंतांची तैलचित्रेही असत. दुसऱ्यांची चित्रे बांधता बांधताच ती त्याने डोळे भरून पाहिली. पुढे तो लोखंडाच्या ओतकामात साचे करणारा कारागीर झाला.

१९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि एकोणतीस वर्षांचा पिपिन सैन्यात भरती झाला. त्याची ३६९ वी पलटण सारी कृष्णवर्णीयांची. त्या काळी अमेरिकन सैन्यात काळ्यांच्या पलटणी वेगळ्या ठेवीत. म्हणून ही पलटण फ्रेंच सैन्याच्या हाताखाली देण्यात आली. फ्रान्सच्या खंदकांत ती शौर्याने लढली आणि फ्रेंच सरकारने तिला युद्धपदक देऊन गौरविले. खंदकातल्या चिखलातही पिपिन वहीत चित्रे काढी. १९१८ च्या शरद ऋतूत, युद्ध संपायला थोडेच दिवस उरले असताना, लपून बसलेल्या शत्रूच्या नेमबाजाची गोळी त्याच्या उजव्या खांद्यात शिरली. उजवा हात कायमचा अधू झाला.

आता विचार करा. ज्याचे पोट हातावर, त्याचा हातच गेला तर मागे काय राहते? पिपिन गावी परतला, १९२० साली लग्न केले. थोडेसे पेन्शन मिळे. बायको लोकांचे कपडे धुई, हा ते घरोघरी पोचवी. पण खंदकात पाहिलेले डोळ्यांपुढून हलेना. काही वर्षांनी त्याने एक युक्ती काढली. शेगडीतली सळई लाल तापवून ती उजव्या हाताने गुडघ्यावर टेकवून धरायची आणि डाव्या हाताने लाकडाची फळीच तिच्यावर फिरवायची. सळई जागच्या जागी, चित्र फिरते! हळूहळू अधू हातात थोडा जीव आला. मग उजव्या हाताचे मनगट डाव्या हाताने धरून तो तैलरंगाने रंगवू लागला. ‘युद्धाचा शेवट : घराकडे प्रयाण’ या त्याच्या पहिल्या तैलचित्राला सुमारे तीन वर्षे लागली. रंगाचे थरावर थर चढले. चौकटीवर त्याने लाकडात कोरलेले हातबाँब, रणगाडे, शिरस्त्राणे बसविली. चित्राच्या नावात घर आहे, पण चित्रात घराकडे निघालेला माणूस दिसत नाही. हात वर केलेले शत्रूचे शिपाई दिसतात आणि आभाळातून कोसळणारी विमाने दिसतात. ज्याने युद्ध पाहिले तो घरी आला तरी पुरता परतत नाही, हेच का त्याला सांगायचे होते?

१९३७ साली गावच्या प्रदर्शनात जाणकारांचे त्याच्याकडे लक्ष गेले. पुढल्याच वर्षी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने भरविलेल्या प्रदर्शनात त्याची चार चित्रे लागली. नाव झाले, पण तो जुने विसरला नाही. दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४३ साली, त्याने ‘मिस्टर प्रेज्युडिस’ म्हणजे ‘श्रीमान पूर्वग्रह’ हे चित्र काढले. त्यात विजयाचे चिन्ह म्हणून इंग्रजी ‘व्ही’ अक्षर आहे आणि एक दांडगा माणूस त्यात पाचर ठोकतो आहे. एका बाजूला गोरे शिपाई आणि कामगार, दुसऱ्या बाजूला काळे. लाकूड फोडताना पाचर काय करते हे तुम्हांला मी सांगायला नको. शत्रूशी लढणारा देश आपणच आपल्याला चिरतो आहे, हे त्या म्हाताऱ्या शिपायाने एका पाचरीत सांगितले. १९४६ च्या जुलैत तो वारला. सैन्यातला हा भेद संपविण्याचा आदेश १९४८ साली निघाला. तो पाहायला पिपिन नव्हता.

शिक्षकमित्रहो, आपल्या महाराष्ट्रातही कित्येक गावी एक दगडी पाटी आढळते. या गावातून इतकी माणसे १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला गेली, पैकी इतकी कामास आली, असे तिच्यावर कोरलेले असते. आकडा आहे, चेहरा नाही. पिपिनने आपला चेहरा आपल्या हाताने राखला. सर्वांना ते जमत नाही, त्यांच्यासाठी दुसऱ्या कुणी हात पुढे करावा लागतो. गावात निवृत्त जवान असेल, जुना ओतारी, सुतार असेल, तर मुलांना वही घेऊन त्याच्याकडे पाठवा. तो काय सांगतो ते त्यांना लिहून घेऊ द्या. तो हयात आहे तोवरच हे होण्यासारखे आहे.