वृक्क-प्रतिरोपणोत्तर गर्भारपण

वृक्के (मूत्रपिंडे) निकामी झालेल्या स्त्रीच्या शरीरात दुसऱ्या व्यक्तीचे वृक्क बसविल्यानंतर तिला राहणारा गर्भ, त्याची वाढ व प्रसूती यांचा विचार या विषयात होतो. वृक्के निकामी झाली की अंडमोचन बहुधा थांबते व मासिक पाळी अनियमित होते किंवा बंद पडते. प्रतिरोपण यशस्वी झाल्यास काही महिन्यांतच ती पूर्ववत होऊ लागते. ही गोष्ट रुग्ण स्त्रीस आधी सांगितली नाही, तर अनपेक्षितपणे गर्भ राहतो.

बॉस्टन येथील पीटर बेंट ब्रिगम रुग्णालयात जोसेफ मरी व त्यांचे सहकारी यांनी १९५४ मध्ये एकसारख्या जुळ्या भावांमध्ये पहिले यशस्वी वृक्क-प्रतिरोपण केले. तेथेच १९५६ मध्ये ईडिथ हेल्म या तरुणीस तिच्या जुळ्या बहिणीचे वृक्क बसविण्यात आले. मार्च १९५८ मध्ये सिझेरियन शस्त्रक्रियेने तिला मुलगा झाला. प्रतिरोपित वृक्कासह गर्भारपण पूर्णत्वास गेल्याचे हे पहिले उदाहरण होय. ती स्वतः २०११ पर्यंत जगली. तथापि या यशावरून इतरांविषयी अनुमान काढणे सयुक्तिक नव्हते. बहिणीचे ऊतक तिच्या शरीराला परके नसल्याने प्रतिरक्षा दडपणाऱ्या औषधांची तिला गरज नव्हती आणि खरा प्रश्न त्या औषधांचाच होता.

१९६० नंतरच्या दशकात ॲझाथायोप्रीन व स्टेरॉइडे यांमुळे जुळ्या नसलेल्या दात्याचे वृक्कही टिकू लागले. भारतात मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९६५ मध्ये प्रतिरोपण झाले, पण तो रुग्ण थोड्याच दिवसांत दगावला. जिवंत दात्याच्या वृक्काचे यशस्वी प्रतिरोपण १९७१ मध्ये वेल्लोर येथे झाले. १९८० नंतर सायक्लोस्पोरीन व पुढे टॅक्रोलिमस ही औषधे आली. यांपैकी ॲझाथायोप्रीन, टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरीन व अल्प मात्रेतील स्टेरॉइडे गर्भारपणात चालू ठेवता येतात. मायकोफेनोलेटाने मात्र गर्भपात तसेच कान, ओठ व टाळू यांचे जन्मजात दोष संभवतात. म्हणून गर्भधारणेपूर्वी किमान सहा आठवडे ते बंद करून दुसरे औषध सुरू करतात. भीतीपोटी सर्वच औषधे सोडणे ही घातक चूक होय, कारण त्यामुळे शरीर वृक्काचा अस्वीकार करते.

प्रतिरोपणानंतर निदान एक वर्ष, काहींच्या मते दोन वर्षे, थांबावे. वृक्काचे कार्य स्थिर, रक्तदाब आटोक्यात आणि मूत्रातील प्रथिन अल्प असावे, असा संकेत आहे. या अटी पाळल्यास गर्भारपणामुळे वृक्काचे आयुष्य सहसा घटत नाही. क्रिआटिनिनाची पातळी आधीच वाढलेली असल्यास मात्र वृक्क गमावण्याचा धोका खरा असतो. वृक्क श्रोणीच्या वरच्या बाजूस बसविलेले असल्याने नैसर्गिक प्रसूतीत सहसा अडथळा येत नाही. तरीही सिझेरियन शस्त्रक्रियेचे प्रमाण मोठे आहे.

४,७०६ गर्भारपणांचा एकत्रित आढावा २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सु. ७३·५ टक्के गर्भारपणांत जिवंत मूल जन्मले. परंतु प्रिएक्लॅम्प्सिया या रक्तदाबविकाराचे प्रमाण २७ टक्के व अकाल प्रसूतीचे ४५·६ टक्के होते. अर्भकांचे सरासरी वजन २,४२० ग्रॅम भरले. म्हणजे मूल वाचते, पण बहुधा लवकर व लहान जन्मते. रक्तदाब, मूत्रातील प्रथिन व औषधांची रक्तातील पातळी वरचेवर तपासावी लागते. सातारा जिल्ह्यातील शिरवळ पुणे–बंगळूर महामार्गावर असल्याने तेथील गर्भिणीस पुणे गाठणे सुकर आहे. पाटण-जावळीच्या डोंगरी गावांतील स्त्रीचा मात्र प्रत्येक तपासणीस एक दिवस मोडतो.

भारतात हा प्रश्न मुळात थोड्याच स्त्रियांपुढे येतो. १९९५ ते २०२१ या काळात नोंदलेल्या ३६,६४० अवयव-प्रतिरोपणांपैकी केवळ ६,९४५ स्त्रियांची होती. जिवंत दात्यांमध्ये मात्र स्त्रियाच अधिक आहेत. वृक्क दिलेल्या स्त्रीच्या पुढील गर्भारपणातही रक्तदाबवाढ वा प्रिएक्लॅम्प्सिया उद्भवण्याचा संभव वाढतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील पाहणीत हे प्रमाण दात्या स्त्रियांत ११ टक्के, तर इतर निरोगी स्त्रियांत ५ टक्के आढळले.