रिकाम्या जागेची गोष्ट

श्रोतेहो, हजेरीपटावर 'रामराव' हे नाव 'राम राव' असे तोडून लिहिले, तर नवखे गुरुजी दोन मुलांना हाक मारतील. संगणकाचेही तसेच होते बघा. १९७६ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' हे साधन रचले. अनेक फायली जुळवून आज्ञावली बांधणे, हे त्याचे काम. यादीतली दोन नावे वेगळी ओळखण्याची त्याची खूण म्हणजे मोकळी जागा. त्या काळी नावे आखूड नि सलग असत, निभावले. १९९५ साली 'विंडोज ९५' आले, त्यात 'प्रोग्राम फाइल्स' असे तुटक नाव. 'मेक'ने त्याची दोन नावे केली. एकही फाइल सापडेना, बांधणी अडली. असंख्य जुन्या याद्या त्याच खुणेवर चालतात, म्हणून ती बदलणे अवघड. तेव्हा गुरुजनहो, मुलांना फायलींची नावे सलग लिहायला शिकवा.