मजुरी दुप्पट, कामे कमी

१९७२च्या दुष्काळात परभणीसह सगळ्या मराठवाड्यात बायाबापड्यांनी खडी फोडून दिवस काढले. वि. स. पागे यांची रोजगार हमी तेव्हाच राज्यभर पोहोचली. १९७९मध्ये तिचा कायदा अमलात आला.

१९८८मध्ये शेतमजुरांचे किमान वेतन दुप्पट झाले. हमीची मजुरी त्यालाच बांधलेली, तीही वाढली. आणि कामांवरची हजेरी घटली! मजुरी वाढवली की रोजगार जातो, म्हणणाऱ्यांना आयता दाखला मिळाला. पण इथे मालक सरकारच होते. रॅव्हेलियन, दत्त आणि चौधरी या अर्थतज्ज्ञांनी १९९३मध्ये आकडेवारी तपासून दाखवले, की मजुरांना काम हवे होते. कामेच तेवढी काढली गेली नाहीत. मागितल्यावर पंधरा दिवसांत काम द्यायचे, हे मात्र कायद्यात तसेच होते.