रंगाऱ्याच्या भाषेतले विज्ञान : बडोद्याच्या कलाभवनाची वाटचाल

मुंबईच्या एस्प्लनेड भागात व्हिक्टोरिया राणीचा एक संगमरवरी पुतळा होता. बडोद्याचे महाराज खंडेराव गायकवाड यांनी तो शहराला भेट दिला होता. १८९६ च्या ऑक्टोबरात एका रात्री पुण्याच्या चापेकर बंधूंनी त्याला डांबर फासले आणि गळ्यात जोड्यांची माळ घातली. हा प्रसंग महाराष्ट्राला ठाऊक आहे. पुढचे मात्र फारसे कोणी सांगत नाही. संगमरवरात मुरलेला तो काळा डाग हटेना, तेव्हा १८९८ मध्ये एका रसायनशास्त्रज्ञाने तो काढून दाखवला. त्याचे नाव त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. पुतळा बडोद्याने दिलेला, आणि तो पूर्ववत करणारा माणूसही नुकताच बडोदा सोडून मुंबईस आलेला. मागे तो एक संस्था ठेवून आला होता, ती म्हणजे बडोद्याचे कलाभवन.

कलाभवन म्हटले की आज पुष्कळांना शांतिनिकेतन आठवते. तिथले कलाभवन १९१९ चे. बडोद्याचे त्याच्या एकोणतीस वर्षे आधीचे, म्हणजे १८९० चे. आणि त्याचा रोख निराळा होता. इथे ‘कला’ या शब्दाचा अर्थ आपल्या जुन्या भाषेतला होता. सुतारकाम, रंगकाम, विणकाम, चित्रकाम, यंत्रकाम ही सगळी हाताची विद्या म्हणजे कला.

गज्जर मूळचे सुरतेचे. गुजरातीत ‘गज्जर’ म्हणजे सुतार. परंपरेने लाकूडकाम करणाऱ्या घरातला हा मुलगा मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात रसायनशास्त्र शिकला आणि बडोदा कॉलेजात अध्यापक झाला. हातात अवजार धरणारा आणि प्रयोगशाळेत नळी धरणारा हे दोन वर्ग आपल्या समाजात एकमेकांशी बोलत नाहीत, हे त्याला पुस्तकातून कळावे लागले नाही. त्याच्या नशिबाने त्या वेळी बडोद्याच्या गादीवर सयाजीराव होते. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातून १८७५ मध्ये दत्तक आलेल्या आणि १८८१ अखेर राज्याची पूर्ण सूत्रे हाती घेतलेल्या या राजाला लिहिता-वाचता न येण्याची किंमत आपल्या लहानपणावरून माहीत होती.

तंत्रशिक्षण देणाऱ्या संस्था तोवर मुंबई इलाख्यात नव्हत्या असे नाही. पुण्यात १८५४ पासून अभियांत्रिकीचे वर्ग चालत. त्यांचा मुख्य हेतू सरकारच्या बांधकाम खात्याला हाताखालची माणसे पुरवण्याचा होता. मुंबईत १८५७ मध्ये जे. जे. कलाशाळा आणि १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. पण या वाटेवर पुढे जायचे तर इंग्रजीचा उंबरा ओलांडावा लागे. रंगाऱ्याच्या किंवा लोहाराच्या मुलाने आधी इंग्रजी शिकावे आणि मग आपल्याच धंद्यातले शास्त्र शिकावे, असा तो उलटा हिशेब होता. इंग्रजी येईपर्यंत त्याचे धंद्यात पडायचे वय निघून जाई. आणि इंग्रजी आलेच, तर तो धंद्यात न राहता कारकून होई.

त्या काळी रंगाऱ्यावर काय बेतले होते, हे पाहिले की या हिशेबाची किंमत कळते. आपल्याकडचा रंगारी आलाच्या मुळ्यांपासून आणि मंजिष्ठेपासून तांबडा रंग काढी. आधी कापड हिरड्याच्या पाण्यातून काढायचे, मग तुरटी लावायची आणि मग रंगात उकळायचे. तुरटीशिवाय तांबडा धरत नाही, हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते. का धरत नाही, हे सांगणारे कोणी नव्हते. १८६८ मध्ये ग्रेब आणि लीबरमान या जर्मन रसायनज्ञांनी मंजिष्ठेच्या वर्गातल्या झाडांतले रंगद्रव्य, ॲलिझरिन, प्रयोगशाळेत तयार केले. काही वर्षांतच कारखान्यातला तांबडा मुळ्यांपेक्षा स्वस्त झाला. १८९७ मध्ये जर्मनीची कृत्रिम नीळ बाजारात आली. आता रंगाऱ्याच्या हाती परक्या भाषेतली चिठ्ठी लावलेला डबा आला. त्यातली पूड किती, पाणी किती तापवायचे, तुरटी किती घ्यायची, हे सारे त्याला नव्याने शिकणे भाग होते. शिकला नाही तर धंदा गेला, एवढाच पर्याय होता.

गज्जरांचे म्हणणे असे, की ही विद्या त्याच्या भाषेतच त्याच्यापर्यंत गेली पाहिजे. पण शिकवायचे तर पुस्तके हवीत आणि पुस्तके लिहायची तर शब्द हवेत. १८८८ मध्ये सयाजीरावांनी देशी भाषांतल्या पुस्तकांसाठी पन्नास हजार रुपये मंजूर केले आणि ‘सयाजी ज्ञानमंजूषा’ ही माला सुरू झाली. रंगकामावर ‘रंगरहस्य’ नावाचे गुजराती नियतकालिकही गज्जरांनी चालवले. बडोदे राज्यात रयत बहुतांशी गुजराती आणि दरबार मराठी. त्यामुळे ‘देशी भाषा’ म्हणजे एक नव्हे, निदान दोन, ही अडचणही होतीच. पुस्तके आधी की शाळा आधी, असा वाद न घालता दोन्ही कामे बरोबरच हाती घेतली गेली. १८९० मध्ये कलाभवन उघडले.

तिथे शिकून गेलेल्यांत आपल्या परिचयाचे एक नाव आहे. त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके १८८५ मध्ये जे. जे. कलाशाळेत दाखल झाले आणि पुढे बडोद्यास कलाभवनात आले. चित्रकला तर ते शिकलेच. पण छायाचित्रण आणि छपाईच्या रासायनिक प्रक्रियांची गोडीही त्यांना इथेच लागली, आणि गज्जरांचे प्रोत्साहन त्यांना लाभले. १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला, तेव्हा फिल्म धुण्यापासून सगळे काम फाळके जाणत होते. चित्रकार, सुतार, छायाचित्रकार आणि रसायनज्ञ एकाच माणसात एकत्र येणे, हा चमत्कार वाटतो. ज्या संस्थेत ही सारी खाती एका छपराखाली होती, तिथे काही काळ घालवलेल्या माणसाच्या बाबतीत तो तितकासा चमत्कार राहत नाही.

१८९६ मध्ये गज्जर कलाभवनातून बाहेर पडले आणि मुंबईच्या विल्सन कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. पुढे त्यांनी गिरगावात स्वतःची प्रयोगशाळा काढली. १९०७ मध्ये त्यांचे शिष्य कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन यांच्यासह त्यांनी अलेंबिक ही रासायनिक कंपनी उभी केली. तिचे मोठे कारखाने बडोद्यातच वाढले. माणूस गेला तरी त्याचे काम फिरून त्याच गावी आले, असे म्हणता येईल.

कलाभवनही टिकले. अनेक हौशी संस्थांप्रमाणे ते संस्थापकाबरोबर संपले नाही, याचे श्रेय राज्याने चालू ठेवलेल्या खर्चाला आहे. १९०६ मध्ये सयाजीरावांनी साऱ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. त्यामुळे कारागिरांची लिहिता-वाचता येणारी मुले वरच्या वर्गांपर्यंत पोहोचण्याची शक्यता निर्माण झाली. खालचा पाया आणि वरचे कलाभवन ही एकाच विचाराची दोन टोके होती.

सयाजीराव १९३९ मध्ये गेले. १९४९ मध्ये बडोद्यात त्यांच्या नावाचे विद्यापीठ स्थापन झाले. हंसाबेन मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरू. कलाभवन विद्यापीठाची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा बनले. चित्रकलेसाठी १९५० मध्ये वेगळी ललित कला विद्याशाखा निघाली आणि तिने पुढे देशभर नाव कमावले. कोणत्याही मापाने ही भरभराटच आहे. पण वाढता वाढता दोन गोष्टी मागे पडल्या. एका छपराखालचा चित्रकार आणि यंत्रकार वेगळ्या छपरांखाली गेले. आणि शिक्षणाची भाषा इंग्रजी झाली. प्रमाणपत्राच्या जागी पदवी आली, कारागिराच्या जागी अभियंता आला. ज्या उंबऱ्यापाशी रंगाऱ्याचा मुलगा अडत होता, तो उंबरा त्याच्यासाठी काढलेल्या घरालाच बसवला गेला.

यात कोणा एकाचा दोष काढणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. पदवीला मान होता, नोकरी होती, आणि देश उभा करायला अभियंते हवेच होते. गज्जरांच्या योजनेतली खरी कमजोर बाजूही लपवून चालणार नाही. पुस्तके एकदा लिहून भागत नाही. शास्त्र दर दहा वर्षांनी बदलते, आणि त्याच्या मागे धावणारी भाषांतराची, नव्या शब्दांची, नव्या आवृत्त्यांची यंत्रणा सतत चालू ठेवावी लागते. ती एका माणसाच्या उत्साहावर आणि एका राजाच्या देणगीवर कायम चालत नाही.

२०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकीची पदवी देण्यास मुभा दिली. मराठीतूनही वर्ग सुरू झाले. त्यावर बोलताना पहिला प्रयोग म्हणून त्याचे कौतुक झाले आणि अशक्य म्हणून त्याची थट्टाही झाली. दोन्ही बाजूंना बडोद्याचे विस्मरण झालेले दिसले. हा प्रयोग पहिला नाही आणि अशक्यही नाही. तो अर्ध्यावर राहिलेला आहे. १८९० मध्ये वर्ग आणि पुस्तके बरोबरीने सुरू झाली होती. आज वर्गांची परवानगी एका परिपत्रकाने मिळते. पुस्तकांसाठी मात्र कोणाला तरी रोज बसावे लागेल, आणि दर काही वर्षांनी पुन्हा बसावे लागेल.

चापेकरांनी डांबर फासलेला तो पुतळा आज भायखळ्याला, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. पाहायला जाणाऱ्याला राणी आठवते, फार तर चापेकर आठवतात. डाग काढणारा सुतार घराण्यातला रसायनज्ञ आणि त्याने आपल्या भाषेत उघडलेली शाळा, हेही त्या दगडाच्या इतिहासात आहे.